लिहून देणार, लिहून घेणार

खापरच्या पेठेत एखादं घर विकायला निघालं की पहिला प्रश्न भावाचा येत नाही. गिऱ्हाईक आदिवासी की बिगरआदिवासी, हे आधी विचारलं जातं. तेही आडून नाही, सरळ तोंडावर. बाहेरच्या माणसाला हा प्रश्न खटकतो. मला खटकत नाही, कारण त्याचं उत्तर ज्या कागदावर उतरतं तो कागद लिहिणं हाच माझा धंदा. मी तालुक्याच्या ठिकाणी, अक्कलकुव्याला, दस्तलेखक म्हणून बसतो. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, वाटणीपत्र, गहाणखत हे रोजचं काम. प्रत्येक दस्तात एक लिहून देणार असतो, एक लिहून घेणार, आणि दोघांच्या मध्ये चतुःसीमा. माणसं बदलतात, पूर्वेला रस्ता आणि पश्चिमेला अमक्याची भिंत, हे पिढ्यान्‌पिढ्या तसंच उतरवून घेतलं जातं, मग तो अमका वारून चाळीस वर्षं का झालेली असेनात.

खापर हे अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरचं बाजाराचं गाव. पश्चिमेला गाडी थोडी दामटली की गुजरातचा सागबारा तालुका, पूर्वेला अक्कलकुवा, उत्तरेला सातपुडा. महाबळेश्वर-माथेरानसारखे आम्ही डोंगराच्या डोक्यावर नाही, पायाशी आहोत. पण डोंगर बाजारहाटाला ज्या पेठांत उतरतो त्यांतली एक आमची. वरच्या पाड्यांतून जीप आणि पिकअप भरून माणसं येतात. मीठ, तेल, कपडा, पत्रे, खिळे, औषधाच्या गोळ्या घेऊन परततात. येताना हंगामाप्रमाणे मोहाची फुलं, चारोळी, भगर, आमचूर आणतात. उन्हाळ्यात वर घरोघरी कैऱ्या सोलून, चिरून उन्हात घातलेल्या असतात आणि खाली पेठेत पोत्यांशेजारून नुसतं चाललं तरी दात आंबतात. होळीच्या आधीचे दिवस आणि महाशिवरात्रीची देवमोगरा मातेची यात्रा, या दोन वेळांना पेठेत पाय ठेवायला जागा नसते. बाकीचे दिवस, बाजाराचा वार सोडला तर, दुपारी दोन वाजता तुम्ही रस्त्याच्या मधोमध खाट टाकून झोपलात तरी फारसं कुणी उठवणार नाही.

इंग्रजांच्या काळात हा मुलूख बाकीच्या खानदेशासारखा सरळ सरकारी अमलाखाली नव्हता. काठी, नाल, सिंगपूर, नवलपूर, चिखली आणि आमच्या शेजारची गव्हाळी, अशी मेवासी संस्थानं इथे होती, आणि खानदेशचा कलेक्टर त्यांचा पोलिटिकल एजंट म्हणून कारभारावर नजर ठेवायचा. काठीची राजवाडी होळी आजही हजारोंनी लोक बघायला जातात, ती त्याच काठी संस्थानाची. राजे भिल्ल, रयत भिल्ल, आणि बाजार मात्र खालून आलेल्यांचा. कुणी गुजरातेतून, कुणी मारवाडातून, कुणी तापीकाठच्या गावांतून आलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं मांडून बसलं. १९९८च्या १ जुलैला नंदुरबार जिल्हा झाला, त्याआधी आम्ही धुळ्याचे. कचेरीच्या कामाला धुळ्याला जायचं म्हणजे मुक्कामाची पिशवी घेऊनच घराबाहेर पडायचं, असं वडील सांगायचे.

आता घरं. आमचं घर रुंदीला बारा फूट आणि खोलीला साठ. पुढे ओटा, मग दुकान, त्यामागे अंधारी मधली खोली, मग स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि परसात लिंबाचं झाड. वर सागाच्या तुळयांवर माळा, त्यावर गुजरातची कौलं. सातपुड्याच्या पायथ्याला पाऊस असा कोसळतो की खाली खानदेशात चालणारं धाब्याचं घर इथे टिकत नाही. उतरतं छप्परच लागतं. पेठेतली बहुतेक जुनी घरं याच मापाची, आगगाडीच्या डब्यांसारखी एकाला एक जोडलेली. कारण साधं आहे. या रस्त्यावर किंमत जागेला नाही, तोंडाला आहे. ज्याच्या घराचं तोंड बाजाराकडे, त्याचं पोट भरतं. म्हणून भावाभावांत वाटणी झाली की घर आडवं तोडत नाहीत, उभं चिरतात, म्हणजे दोघांनाही रस्ता मिळतो. चोवीस फुटांचं बारा होतं, बाराचं सहा होतं. सहा फुटांचं दुकान आणि त्यामागे साठ फूट लांब बोळकांडी, अशा जागेचं वाटणीपत्र मी लिहिलेलं आहे. त्यात जिना कोणाचा, सामाईक भिंतीत खुंटी ठोकायचा हक्क कोणाचा, कौलांच्या पागोळ्यांचं पाणी कोणाच्या अंगणात पडायचं, यावर दोन पानं गेली. घराच्या किमतीवर दोन ओळी पुरल्या.

तोंडाला एवढी किंमत आहे ती ओट्यामुळे. शहरातला माणूस ओट्याकडे बघून म्हणेल, छान, संध्याकाळी बसायला जागा. तसे बसतातही. पण ओटा मुळात तोलण्यासाठी आहे. मोह, आमचूर, तूर इथे तागडीत पडते. डोंगरातून आलेली बाई डोक्यावरचं ओझं उतरवून आधी ओट्याला पाठ टेकते, पाणी मागते, मग भाव विचारते. ओट्यावरची भाषा वसावी, आतल्या घरातली गुजराती किंवा अहिराणी, पोराच्या शाळेच्या वहीतली मराठी. सकाळी खमण-फाफड्याच्या गाडीवर या सगळ्या एकत्र ऐकू येतात. हे सगळं मला प्रिय आहे आणि इथेच वाढलो म्हणून त्याचं कौतुकही करावंसं वाटतं. पण दस्तलेखकाला जुने दस्त वाचायची सवय असते, आणि जुने दस्त वाचले की ओट्याची दुसरी बाजू दिसते. याच ओट्यांवर उधारीच्या वह्या होत्या. मीठ-तेलाची उधारी, त्यावर व्याज, व्याज फिटेना म्हणून पिकावर गहाण, पीक गेलं म्हणून जमिनीवर अंगठा. सातपुड्याच्या पायथ्याच्या कितीतरी जमिनी अशा वहीतून निसटल्या. शहादा-तळोदा भागात अंबरसिंग महाराजांनी या प्रश्नावर आदिवासींना उभं केलं, १९७२ साली श्रमिक संघटना झाली, आणि गेलेल्या जमिनी परत मागण्याची चळवळ गावोगाव पसरली. अंबरसिंग सुरतवंती १९७४ साली वारले. त्याच वर्षी राज्याने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती केली, आणि तिने आमच्या पेठेचा घरबाजार कायमचा बदलून टाकला.

तो कायदा सोप्या भाषेत सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची. तिच्यात १९७४च्या दुरुस्तीने ३६-अ हे कलम आलं. ६ जुलै १९७४ नंतर आदिवासीच्या मालकीची जमीन बिगरआदिवासीकडे विक्रीने, बक्षिसाने, अदलाबदलीने, गहाणाने, भाडेपट्ट्याने किंवा आणखी कुठल्याही मार्गाने जायची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची आधी मंजुरी हवी. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी पुरते. विक्री असेल तर त्यांनी मंजुरी देण्याआधी राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. आमचा अक्कलकुवा तालुका, तसंच अक्राणी, तळोदा, नवापूर हे तालुके १९८५च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. अशा क्षेत्रात २०१६पासून विक्रीच्या परवानगीआधी ग्रामसभेची मान्यताही लागते. दुसरा एक कायदा मागे वळून बघणारा: १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात ज्या जमिनी बिगरआदिवासींकडे गेल्या, त्या मूळ आदिवासी मालकांना परत देण्याची तरतूद करणारा. त्या कायद्याखाली ज्यांच्याकडून जमिनी गेल्या त्यांची घरं आमच्या पेठेत आहेत, आणि ज्यांना परत मिळाल्या तेही याच पेठेत मीठ घ्यायला येतात. दोघं एकमेकांना रामराम करतात. बाजाराला राग धरून चालत नाही.

याचा घरांच्या भावाशी संबंध असा. पेठेभोवतीची बहुतेक शेतजमीन आदिवासींच्या नावावर. तिथे व्यापारी प्लॉट घेऊन बंगला बांधू शकत नाही. दुसरीकडे गाव वाढलं की शेजारचं शेत बिनशेती होतं, प्लॉट पडतात, पाटी लागते, आणि पेठेतली कोंडी मोकळी होते. आमच्याकडे ती वाट चिंचोळी आहे. मग बिगरआदिवासी माणसाला घर घ्यायचं तर ते जुन्या गावठाणातच, किंवा ज्या थोड्या जमिनी आधीपासून बिगरआदिवासींच्या नावावर आहेत त्यांतच. तेवढ्याच घरांवर मुलांची लग्नं, वाटण्या, नवीन दुकानं, सगळ्यांचे डोळे. त्यामुळे कौलं गळणारं, न्हाणीत उभं राहिलं की भिंतीला कोपर लागणारं घर असा भाव मागतं की ऐकणाऱ्याला वाटावं, भिंतीत काहीतरी पुरलेलं असणार.

भावाचे आकडे मी इथे देणार नाही. दस्तात लिहिलेला एक, ओट्यावर बोललेला दुसरा, आणि सरकारी दरतक्त्यातला, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात तो, तिसरा. मुद्रांक शुल्क दस्तातली किंमत आणि दरतक्त्यातली किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं, म्हणून लोक दस्तात किंमत कमी लिहायला सांगतात. मी त्यांना एवढंच विचारतो की उद्या वाद झाला आणि पैसे परत मागायची वेळ आली तर कोणता आकडा दाखवणार? काही जण विचार करतात. काही जण दुसऱ्या दस्तलेखकाकडे जातात. एक गोष्ट मात्र खरोखर बदलली. २०२१पासून राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, आणि तेव्हापासून ज्यांनी जन्मात बायकोच्या नावे सायकल घेतली नसती ते घर घेऊ लागलेत. सवलतीसाठी का होईना, लिहून घेणारच्या रकान्यात बायकांची नावं वाढली. त्यातली एखादी सही करताना नवऱ्याकडे बघते, एखादी बघत नाही. मला दुसरी जास्त आवडते.

मध्ये मध्ये सुरतेहून फोन येतात. "भाऊ, डोंगर दिसेल असा एक प्लॉट बघा ना, छोटंसं फार्महाऊस करायचंय." मी विचारतो, जातीचा दाखला आहे? पलीकडे शांतता. मग कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की वाट काढता येते. वाटा मला सगळ्या माहीत आहेत. घरच्या गड्याच्या नावावर घ्यायचं आणि त्याच्याकडून कोऱ्या स्टॅम्पवर अंगठे घेऊन ठेवायचे. नोटरीसमोर नव्व्याण्णव वर्षांचा करार करायचा. आदिवासी मुलीशी लग्न करून तिच्या नावावर जमीन घ्यायची आणि तिला त्यातलं काही कळू द्यायचं नाही. मुद्रांकाचा कागद पूर्वी शंभराचा पुरायचा, २०२४च्या ऑक्टोबरपासून पाचशेचा लागतो. तेवढीच या वाटेची महागाई. असा कागद कायद्यापुढे उभा राहत नाही. पाच वर्षांवरचा पट्टा शासनाच्या मान्यतेशिवाय होतच नाही, नोंदणी नाही, फेरफार नाही, आणि चौकशी लागली तर जमीन मूळ मालकाकडे जाते. मी असले कागद लिहीत नाही. मी फार सज्जन आहे म्हणून नाही. अशा कागदावर पहिला प्रश्न लिहिणाराला विचारला जातो, आणि नंदुरबारच्या कोर्टाच्या पायऱ्या उन्हाळ्यात फार तापतात.

हा कायदा उठवा, म्हणजे गाव वाढेल, धंदा वाढेल, असं आमच्या पेठेत बोलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काही माझे मित्र आहेत. मला ते पटत नाही. डोंगरातल्या गावांत घराचा भाव नेहमी कुठल्या ना कुठल्या रेषेनेच ठरतो. प्रश्न एवढाच की ती रेषा कोणाच्या बाजूने ओढली आहे. महाबळेश्वर बघा. १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी तह होऊन ते इंग्रजांकडे आलं, गव्हर्नर माल्कमच्या नावाने मालकम पेठ वसली, आणि साहेबांच्या बंगल्यांना सरकारी जमिनी पट्ट्याने दिल्या गेल्या. बंगले साहेबांचे, मग मुंबईच्या धनिकांचे. त्यांना दूध, लाकूड, घोडे, कोळसा पुरवणारी माणसं पेठेमागच्या गल्लीत. २००१च्या जानेवारीत महाबळेश्वर-पाचगणी परिसंवेदनशील क्षेत्र झालं, बांधकामावर बंधनं आली, आणि जे आधी बांधून बसले होते त्यांची घरं आपोआप महागली. माथेरानही २००३पासून तसंच. तिथे तर मोटारींना बंदी, त्यामुळे घर बांधायचं म्हणजे विटा, वाळू, सिमेंट घोड्यांच्या पाठीवरून. तिथली रेषा झाडांना वाचवते, आणि वाचवायलाच हवी. पण घोडेवाल्याच्या मुलाला लग्नानंतर खोली कुठे काढायची, याचं उत्तर त्या रेषेत नाही.

हिमाचलात १९७२च्या कायद्यातलं ११८ कलम आहे. तिथला शेतकरी नसलेल्या माणसाला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. सिमला-मनालीला बंगला घ्यायची हौस असलेले दिल्लीकर त्या कलमावर दात-ओठ खातात. स्वित्झर्लंडच्या लोकांनी तर २०१२ साली मतदान करून ठरवलं की कुठल्याही गावात एकूण घरांपैकी वीस टक्क्यांहून जास्त घरं सुट्टीपुरती यायच्या लोकांची असता कामा नयेत. श्रीमंत देश, पण डोंगरातल्या माणसाला तिथेही तीच धास्ती: बाहेरचा पैसा येईल, खिडक्या वर्षभर बंद राहतील, आणि दूधवाल्याला गावात घर परवडणार नाही. आमच्या रेषेमागची धास्ती त्याहून जुनी आणि जास्त खरी, कारण इथे ती एकदा घडून गेलेली आहे. जमीन गेली की माणूस जातो कुठे, ते आम्हाला दरवर्षी दिसतं. पावसाळा संपला की वरचे पाडे ट्रक भरून सुरत-बारडोलीकडे ऊसतोडीला निघतात. ज्याच्याकडे दोन एकर तरी आहे तो होळीला परत येतो. ज्याच्याकडे नाही तो कशासाठी येणार?

वरच्या पाड्यांत घरबाजार असा नाहीच. तिथे घर विकत नाहीत. सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, वर गवत किंवा कौलं. भाऊ वेगळा निघाला की पाड्यातले लोक हात लावतात आणि दुसरं घर उभं राहतं. जागा सोडायची झाली तर खांब-तुळया उपसून बरोबर नेतात. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली तेहतीस गावं आली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यांतलं आमच्या तालुक्यातलं. तेव्हा वसाहतींकडे निघालेल्या कुटुंबांनी आपल्या घरांचं लाकूड सोडवून सोबत नेलं. मोबदल्याच्या हिशेबात सागाच्या खांबाला भाव होता. तो खांब आजोबाने कोणत्या जंगलातून कसा आणला, याला रकाना नव्हता. आता प्रधानमंत्री आवास आणि शबरी घरकुलातून पक्की घरं येताहेत. पंचवीस चौरस मीटर म्हणजे दोनशे एकोणसत्तर चौरस फूट, हे घरकुलाचं किमान माप. माप कळतं, पण कणगी, नांगर, कोंबड्या, दोन बैल यांना त्यात जागा कुठे ते कळत नाही. म्हणून बहुतेक जण घरकुलाशेजारी जुनं कुडाचं घर ठेवून देतात आणि झोपायला तिकडेच जातात.

पेठेच्या घरांची दुसरी गंमत म्हणजे कागद. एवढा भाव, पण मालकीचा कागद मागितला की माणूस ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा काढून आणतो. तो कर आकारणीचा उतारा. घरपट्टी कोण भरतो ते त्यावरून कळतं, घर कोणाचं ते नाही. शेताला सातबारा असतो, पण जुन्या गावठाणांची मोजणीच कित्येक गावांत झालेली नव्हती. म्हणून बँका गावठाणातल्या घरावर कर्ज द्यायला कांकू करतात. स्वामित्व योजनेत हे बदलायला घेतलंय. २०२०च्या एप्रिलमध्ये ती देशभर सुरू झाली. त्याआधी पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला ड्रोनने गावठाण मोजून बघितलं होतं. चुन्याने हद्दी आखायच्या, वरून ड्रोन फिरणार, नकाशा होणार, चौकशी होणार आणि मिळकत पत्रिका हातात येणार. ऐकायला सोपं. पण चुना टाकायची वेळ आली की शंभर वर्षं गप्प बसलेल्या भिंती बोलू लागतात. ओटा कोणाचा? घरमालक म्हणतो माझा, ग्रामपंचायत म्हणते रस्त्यावरचं अतिक्रमण. आजोबांनी रस्त्यात दीड फूट पुढे काढलेल्या ओट्यावरून दोन घरांत बोलणं बंद झालेलं मी बघितलंय. ड्रोनला वरून फक्त छपरं दिसतात. छपराच्या वळचणीखाली किती भानगडी आहेत ते त्याला कसं दिसणार?

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसलो त्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या खरेदीखतांत लिहून घेणारच्या जागी वसावे, पाडवी, वळवी, तडवी अशी आडनावं जास्त दिसू लागली आहेत. शिक्षक, नर्स, पोलिस, ग्रामसेवक, तलाठी. आश्रमशाळेत शिकून नोकरीला लागलेली पिढी. यांचं मूळ घर वर पाड्यात, नोकरी खाली, मुलं शाळेत, आणि त्यांना घर हवं ते पेठेत, दवाखाना आणि बसथांब्याजवळ. दुसरीकडे जुन्या व्यापारी घरांतली मुलं सुरत, नाशिक, बडोद्याकडे गेली. म्हातारा-म्हातारी गेली की घराला कुलूप, आणि कुलूप गंजलं की विक्री.

इथे कायद्याची एक बाजू लक्षात घ्या, जी बाहेर फारशी कुणी सांगत नाही. बिगरआदिवासीचं घर आदिवासीला विकत घ्यायला परवानगी लागत नाही. पण एकदा ते आदिवासीच्या नावावर झालं की परत बिगरआदिवासीकडे जायला ३६-अ आडवं येतं. म्हणजे पेठेतली घरं एकाच दिशेने सरकतात. घर घर करता करता, कुठलाही मोर्चा न निघता, पेठेची मालकी बदलते आहे. काही जुने व्यापारी याला भीतीने बघतात. आपसांत ठरवतात की बाहेर विकायचं नाही. पण आपल्यातला घेणारा भाव पाडून मागतो आणि शिक्षकाला पगारावर कर्ज मिळतं, तेव्हा ठरलेलं मोडतं. पैशाने जातीचे ठराव जितके मोडले तितके भाषणांनी मोडले नसतील.

राहणीही बदलली. ज्या ओट्याला वरून आलेली बाई ओझं टेकवायची, त्या ओट्यावर आता तिचाच पुतण्या खुर्ची टाकून पेपर वाचतो. बाजाराच्या दिवशी त्याच्याकडे पाड्यातले दहा-बारा पाहुणे हक्काने येतात, पिशव्या ठेवतात, पोरं झोपवतात, दादरची भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून आणलेला असतो तो सगळे मिळून खातात. मधल्या अंधाऱ्या खोलीत पूर्वी पोती असायची, आता तिथे नंदुरबारच्या कॉलेजला जाणारी दोन भाचरं अभ्यास करतात. शेजारच्यांची तक्रार असते की फार माणसं येतात, फार आवाज होतो. होतोच. लग्नाचा डीजे तर साठ फूट खोलीच्या घरात मागच्या न्हाणीपर्यंत भांडी वाजवतो. पण तक्रार करणाऱ्यांच्या आजोबांच्या काळात याच पेठेत वरातीला वाजंत्री रात्रभर वाजायची, तेही माझ्या ऐकण्यात आहे.

सध्या माझ्या टेबलावर जो दस्त आहे त्याची गोष्ट सांगून थांबतो. पेठेतले एक किराणावाले शेठ, वय सत्तरच्या पुढे, मुलगा बडोद्याला. घर विकायला काढलं. घेणार एक सिस्टर, वरच्या आरोग्य उपकेंद्रात नोकरीला, आडनाव वसावे. भाव ठरला, कर्ज मंजूर झालं, सिस्टरच्या नावाने घ्यायचं म्हणून एक टक्का सवलत धरून चलन काढलं. मग शेठ म्हणाले, घर दिलं, पण पुढचं दुकान मला भाड्याने राहू द्या. पन्नास वर्षांची गिऱ्हाइकी आहे, घरी बसलो तर मरून जाईन. सिस्टर म्हणाल्या, राहा की काका, मला दुकान कुठे चालवायचंय! दोघं खूश, आणि मला म्हणाले, त्याच दस्तात एक ओळ टाका.

ओळ टाकता येत नाही. खरेदी झाली त्या क्षणापासून घर आदिवासीचं, आणि आदिवासीची जागा बिगरआदिवासीला भाड्याने द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, तीही पाच वर्षांपर्यंतच. शेठना हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. ज्या दुकानात त्यांच्या वडलांनी तागडी टांगली, तिथे बसायला आता कलेक्टरची परवानगी. ते आधी चिडले, मग हसले, म्हणाले, "म्हणजे आता आमचा अर्ज वर जाणार?" कुणी त्यांना सांगितलं की अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करा, त्याला पट्टा म्हणत नाहीत. कायद्यात 'किंवा अन्य मार्गाने' असे शब्द आहेत, त्यामुळे तो सल्ला मी दिला नाही. वकिलाला विचारा म्हटलं. सिस्टरनी मात्र वेळ घालवला नाही. साध्या कागदावर स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहून आणला: जागेचं वर्णन, भाड्याची रक्कम, मुदत पाच वर्षं, भाडेकरूचं वय आणि व्यवसाय. त्याला खरेदीखताची आणि सूची दोनची प्रत जोडायची आहे, म्हणून आधी नोंदणी. नोंदणीचं टोकन बुधवारचं मिळालंय. शेठनी दोन साक्षीदार स्वतःच ठरवलेत, एक त्यांच्या गल्लीतला आणि एक सिस्टरच्या पाड्यातला.